कार्यक्रमपत्रिकांची खोली

आमच्या घरातली एकमेव कोरडी खोली कागदांना दिलेली आहे. माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे, तिची छाती घरघरते, पण ती कागद नाही. म्हणून ती आमच्याबरोबर मागच्या खोलीत झोपते. तिथल्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं न्हाणीघर आहे आणि भिंतीचे पोपडे नुसत्या बोटाने निघतात.

कागद म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, बाबांचा संग्रह. स्पॅनिश नृत्याच्या प्रयोगांना पूर्वी नाट्यगृहाच्या दारात ज्या कार्यक्रमपत्रिका वाटायचे, त्या. मुखपृष्ठावर झालरींच्या घागऱ्यातली एक बाई, हात वर, मान ताठ. आत नर्तकांची नावं, केसांच्या तेलाची जाहिरात, आणि 'मध्यंतर पंधरा मिनिटं'. लोक खुर्चीखाली टाकून गेले ते बाबांनी एकतीस खोक्यांत भरून ठेवलंय. बाबांनी स्वतः हा नाच उभ्या जन्मात पाहिलेला नाही. एकदा मी हौसेने मोबाइलवर लावून दिला, तर म्हणाले, "आवाज कमी कर गं, डोकं उठतं."

त्या खोलीत ओल शोषून घेणारं यंत्र अखंड चालू असतं. भिंतीवर ओल दाखवणारा काटा आहे. तो पंचेचाळीसवर असला की बाबांना जेवण गोड लागतं. मी एकदा तो काढून मुलीच्या खाटेला टांगला. ब्याऐंशी! बाबांना नेऊन दाखवला.

"तो हलवत जाऊ नकोस, बिघडतो."

नवऱ्याला दाखवला. "बघू," म्हणाला. लग्नाला चार वर्षं झाली, तो बघतोच आहे.

मुलीच्या डॉक्टरीणबाईंनी तर स्पष्टच सांगितलं होतं, "औषधाने अर्धंच काम होईल. आधी हिला त्या ओलीतून हलवा." मी तीनदा विषय काढला. तिन्ही वेळा बाबांनी पेपर उघडला.

रविवारी दुपारी बाबांचे दोन स्नेही आले. एक दातांचे डॉक्टर. दुसरे निवृत्त ग्रंथपाल, ज्यांना मी मनात टाचणीवाले म्हणते, कारण पत्रिका हातात पडली की ते आधी तिच्या पिना मूळच्या आहेत का ते बघतात. तिघांनी कागदांच्या खोलीत बसून पांढरे हातमोजे चढवले. थाट असा, की आतून कुणाचं तरी काळीज निघणार आहे.

नव्याने मिळवलेल्या पत्रिकेतून एक चिठ्ठी निघाली. टाचणीवाल्यांनी ती मोठ्याने वाचली, "मुख्य नर्तिकेस ताप आल्याने आज तिच्या जागी दुसरी नर्तिका काम करील."

"वा! चिठ्ठीसकट!" बाबा हरखले. "अशी कुणाकडे नाही."

"बिचारी," टाचणीवाले म्हणाले. "कसला ताप असेल हो?"

"छातीचाच. तेव्हाची नाट्यगृहं काय दमट असायची!" दातांचे डॉक्टर हळहळले.

नव्वद वर्षांपूर्वीच्या बाईची केवढी ही विचारपूस! पलीकडे माझी मुलगी खोकून खोकून लाल झाली होती आणि मधली भिंत पातळ आहे. एकाचीही मान वळली नाही. मी घड्याळ लावून तिचे श्वास मोजले. मिनिटाला बेचाळीस. काल अडतीस होते.

मग मी तिला उचललं, गादी काखोटीला मारली आणि सरळ कागदांच्या खोलीत जाऊन खोक्यांच्या मधोमध अंथरली.

"अगं, हे काय चाललंय?"

"झोपवतेय."

"इथे?"

"इथे."

पाहुण्यांदेखत बाबांना आवाज चढवता येईना. मुलगी दोनदा खोकली आणि झोपली. पाच मिनिटं गेली. मग टाचणीवाले भिंतीवरच्या काट्याकडे बघून दचकले. "अहो, सत्तेचाळीस! अठ्ठेचाळीस होतोय!"

"होणारच. श्वास म्हणजे वाफच की," दातांचे डॉक्टर म्हणाले. "त्यात ही पोर किती भराभर टाकतेय बघा ना."

म्हणजे दिसत होतं त्यांना! भराभर श्वास दिसत होते आणि जीव मात्र कागदांसाठी तुटत होता. इतकी किळस मला भिंतीवरच्या बुरशीचीही आली नव्हती.

"आता ही रोज इथेच झोपणार," मी म्हटलं. "लाळ गाळते, दूधही ओकते. तुमच्या खोक्यांचं तुम्ही बघा."

दातांच्या डॉक्टरांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, अशा हवेत संग्रह ठेवणं पाप आहे हो. माझ्या दवाखान्यामागची खोली रिकामीच आहे. खडखडीत कोरडी. आजच हलवू."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी मुलीला उचलीन, एवढीच त्यांची आशा होती. उचलली असती तर पुन्हा त्या खोलीत पाय ठेवता आला नसता, हे मलाही ठाऊक होतं. मी तिच्या शेजारी मांडी ठोकून बसले.

"घरात माणसं वाढली की असंच होतं," बाबा शेवटी म्हणाले आणि त्यांनी पहिलं खोकं उचललं. दोन्ही हातांनी, छातीशी धरून, उंबऱ्याशी थबकून. नातीला त्यांनी असं एकदाही घेतलेलं नाही.

एकतीस खोकी खाली जाईपर्यंत सहा वाजले. जाताना टाचणीवाले यंत्राच्या वायरीला हात घालायला लागले.

"ते राहू द्या," मी म्हटलं. "डॉक्टरांची खोली खडखडीत आहे ना?"

सगळं आटोपल्यावर नवरा दारात उगवला. रिकाम्या भिंतींकडे बघत म्हणाला, "बाबांना फार लागलं असेल गं."

"लागू दे. खाट आणायचीय. तू ती बाजू धर."