जुंपणीच्या जागेचा दोर

मी एक जुना घायपाताचा दोर आहे. माण तालुक्यात दोर वळणाऱ्या तात्याबांनी घायपात कुजवून, बडवून त्याचा वाख काढला आणि पीळ देऊन मला वळले. दोनशे हात लांब होतो मी तेव्हा.

कुंडलजवळच्या एका गावात जत्रेला बैलगाड्यांच्या शर्यती होत. १९४६ साली लढाईवरून परतलेल्या हंबीरराव हवालदारांनी मला तिथे आणले. बैल छकड्याला जुंपायच्या जागेभोवती खुंट ठोकून त्यांनी मला ताणून बांधले. आत फक्त गाडीवान आणि बैल धरणारी माणसे. बाकी सगळे बाहेर. पहिल्या वर्षी लोक कुरकुरले, पण कुणाला खरचटलेसुद्धा नाही. मग म्हणू लागले, "हवालदार, लय झ्याक केलंसा!" मित्रांनो, मी फुशारून गेलो होतो.

तिसऱ्या वर्षी हवालदारांची धाकटी बहीण मनुबाई आली. तिचा नवरा कृष्णात शर्यतीत उतरणार होता. त्याचा पांढरा खोंड तिने लहानाचा मोठा केला होता.

"दादा, खोंडाला तेवढं कुंकू लावून येती. मी एकलीच हाय," ती म्हणाली.

हवालदार घुटमळले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने माझी गाठ सोडली.

मनुबाई आत गेली आणि मागून आवाज उठला, "तिला सोडलं, मग आमाला का न्हाई?" हवालदार "थांबा! थांबा!" ओरडत राहिले. मला तुडवत शंभरेक माणसे आत घुसली. कुणीतरी खोंडाच्या कानाशीच हलगी कडाडवली.

खोंड उसळला. कृष्णात कासऱ्याला लोंबकळत फरफटला. छकडा गर्रकन फिरला. मनुबाईला मागे सरायचे होते, पण मागे माणसांची भिंत होती. चाक तिच्या पायावरून गेले.

पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो. तिच्या हातातला करंडा मातीत पडला होता. मला वाटले, कुंकू सांडले. ते सगळे कुंकू नव्हते.

माझे बारा हात कापून तिला बाजेला बांधले आणि सांगलीला दवाखान्यात नेले. ज्याने तिला अडवायचे, त्यानेच तिला बांधून न्यायचे! तिचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. हवालदार खुंटाशी बसून एकच बोलत होते, "गाठ म्याच सोडली."

पुढच्या जत्रेला त्यांनी मला पुन्हा ताणले. गावातले मोठे बागायतदार नानासो पाहुण्यांना घेऊन आले. "हवालदार, जरा सोडा की. पावनं लांबनं आल्यात."

हवालदार माझ्या गाठीकडे बघत राहिले. तेवढ्यात काखेत काठी घेतलेली मनुबाई पुढे आली. तिने मला मुठीत घट्ट धरले.

"आवं नानासो, भायेरच ऱ्हावा. मी बी एकलीच गेलती."

नानासोंनी तिच्याकडे पाहिले, खाली तिच्या पायाकडे पाहिले आणि ते पाहुण्यांना घेऊन मागे सरले.

मित्रांनो, दोर कधीच कुणाला अडवत नाही. अडवतो तो माणसांचा शब्द. बैल जुंपत असतील तिथे कुणी थांब म्हटले, तर थांबा. आणि तुम्हाला कधी गाठ सांभाळायला दिली, तर ती आपल्या माणसासाठीसुद्धा सोडू नका. आपल्या माणसासाठी तर मुळीच नको.