चार लिटर लाल तेल

गाडी गेली आणि अर्ध्या तासाने रुचिकाला काउंटरवर त्या गाडीचं माहितीपुस्तक दिसलं.

बोर्ली पंचतनला बाजाराच्या टोकाला तिचं स्पेअर पार्टचं दुकान. शेजारीच पत्र्याच्या शेडमध्ये रामचंद्रदादाचं गॅरेज. दादा गाडी उघडायचा, लागेल ते सामान भिंतीपलीकडून ओरडून मागायचा, आणि रुचिका ते काढून द्यायची. सात वर्षं हा प्रकार बिनबोभाट चालला होता.

सकाळी दिवेआगरचा मुक्काम आटोपून एक म्हातारं जोडपं आलं होतं. धर्माजी आणि मनुबाई, पोयनाडकडचे. धर्माजींनी तीस वर्षं मिठाचे ट्रक चालवलेले. आता मुलाने परदेशी जाताना मागे ठेवलेली अकरा वर्षांची हायब्रीड गाडी चालवत होते, अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर. रात्रभर जिथे उभी होती तिथे खाली लाल थेंब पडले होते. दादाने गाडीखाली शिरून सांगितलं, गिअरबॉक्सचं सील गेलंय. सील बदललं, उरलेलं तेल तसराळ्यात काढलं आणि हाक मारली, "रुचिका, लाल एटीएफ दे चार लिटर!"

तेव्हा धर्माजी हे पुस्तक घेऊन काउंटरशी आले होते. "पोरी, कंचा तेल घालायचा ते यात लिवलंय म्हनं. मना विंग्रजी वाचता येत न्हाय. बघ जरा."

दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. रुचिका म्हणाली होती, "गरज नाही काका. लाल म्हणजे एटीएफच, ऑटोमॅटिक गिअरचं तेल. सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांना हेच जातं."

आता दुकान रिकामं होतं. पुस्तक परत द्यायचं तर फोन नंबर हवा, म्हणून तिने आतलं पान उघडलं. नंबर नव्हता. मग सहज, खरं तर सहज नाही, कुठेतरी टोचत होतं म्हणून, तिने तेलाचं पान शोधलं.

एका चौकटीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं. कंपनीने नाव दिलेलं तेलच घाला. दुसरं कुठलंही नको. तिने फोनवर आणखी शोधलं. या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये दोन विजेच्या मोटरी असतात आणि त्या याच तेलात बुडलेल्या असतात. तेल नुसतं वंगण नव्हतं, ते वीज अडवायचं कामही करत होतं. भलतं तेल मोटरीच्या तारांवरचं वेष्टन खाऊ शकतं. आज नाही, उद्या नाही. कधीतरी.

ती शेडमध्ये गेली. रामचंद्रदादा एका रिक्षाचं चाक खोलत होता.

"दादा, मघाच्या गाडीत चुकीचं तेल गेलंय."

"लाल होतं ना?"

"रंगावर नसतं ते. आत मोटरी आहेत, तेलात बुडलेल्या."

दादा हसला. "तेलात मोटर? मग करंट लागेल की."

"म्हणूनच तर ते तेल वेगळं असतं!"

दादाचं हसू गेलं. तो पुन्हा चाकाकडे वळला. "पंचवीस वर्षं तेल भरतोय मी. एकही गाडी परत आली नाय. चालत गेली ना? मग झालं. तू नको तिथं डोकं घालू नको."

रुचिका दुकानात येऊन बसली. उठली. फळीवरचे डबे उगाच पुढेमागे केले. दादाचं म्हणणं एका परीने खरंच होतं. गाडी बंद पडलीच तर वर्षाने पडेल, पोयनाडला नाहीतर पनवेलला. तेव्हा बोर्लीतल्या एका दुकानाचं नाव कोण घेणार? पण म्हाताऱ्याने पुस्तक पुढ्यात ठेवलं होतं. ते नुसतं वाचायचं होतं.

मनुबाई जाताना काय म्हणाल्या तेही आठवलं. दिघीहून जंगल जेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, आगरदांडा, तिथून मुरूड, अलिबाग आणि तीनच्या आत मांडव्याला. सून नेत्रा मुंबईहून तीन महिन्यांचं बाळ घेऊन बोटीने उतरणार होती. बाळ पहिल्यांदा घरी येणार होतं.

दिघीची पुढची फेरी पंधरा मिनिटांवर होती. तिने शटर अर्धं ओढलं आणि व्हॅन काढली.

रस्ता वळणावळणाचा, त्यात पुढे बंदराकडे चाललेला ट्रेलर. तो बाजू देईना. रुचिका हॉर्न वाजवत राहिली, मग स्वतःवरच चिडून थांबली. त्यांना गाठून सांगायचं तरी काय? गाडी चालवू नका? आणि मग ते जाणार कसे? एक मन म्हणत होतं, मागे फीर. खाडी दिसली तेव्हा बोट धक्क्याला लागलेली होती आणि गाड्या उतरत होत्या.

रांगेत तिसरी गाडी त्यांची. रुचिकाने धावत जाऊन काच वाजवली. हातात पुस्तक बघताच मनुबाईंचा चेहरा उजळला.

"अगो बाय! पुस्तक द्याला येवढी धावत आलीस? देवानं भला करो तुझा!"

धर्माजींनी हात जोडले. "लय उपकार झाले."

इथेच थांबता आलं असतं. पुस्तक द्यायचं, हसायचं आणि परत फिरायचं. त्या दोघांनी जन्मभर तिचं नाव चांगल्यानेच घेतलं असतं. रुचिकाने पुस्तक हातातच ठेवलं.

"काका, मी पुस्तक द्यायला नाही आले. तुमच्या गाडीत मी चुकीचं तेल दिलंय."

तिने होतं तसं सांगितलं. मोटरी, तेल, वेष्टन. धर्माजी ऐकत राहिले. जोडलेले हात कधीच स्टिअरिंगवर गेले होते.

"मी तुला इचारला होता," ते शेवटी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "पुस्तक हातात दिला होता."

"हो."

"ट्रकला कधी भलता तेल घातला न्हाय मी. पोराची गाडी हाय ही."

पुढची गाडी बोटीवर चढली. जेट्टीवरच्या माणसाने शिट्टी मारली. मागचे हॉर्न सुरू झाले.

"आता काय करू? बंद पडेल वाटेत?"

"बहुतेक नाही पडणार. पण जितकी चालेल तितकं नुकसान. किती, ते मला ठाऊक नाही. मला खरंच ठाऊक नाही, काका."

"आनि पोर तिकडं बोटीतून उतरल, तिला न्याला कोन?" मनुबाई रडायच्या बेतात होत्या.

रुचिकाने व्हॅनची चावी पुढे केली. "माझी व्हॅन न्या. मागे टायर आहेत, ते मी उतरवते. तुमची गाडी मी परत नेते आणि नीट करून ठेवते."

धर्माजींनी चावीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्यांनी गाडी रांगेबाहेर घेतली.

तिघांनी मिळून टायर खाली ओढले. सुपारीची पिशवी, कपड्यांच्या बॅगा, बाळासाठी घेतलेली जाळीची मच्छरदाणी व्हॅनमध्ये गेली. बोट सुटता सुटता व्हॅन चढली. धर्माजींनी मागे वळून पाहिलं नाही. मनुबाईंनी पाहिलं, पण हात हलवला नाही.

धक्क्यावर रुचिका, पाच टायर आणि परक्याची गाडी उरली. तिने रामचंद्रदादाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. ती गाडीभोवती फिरत राहिली, खाली वाकून थेंब पडतोय का पाहत राहिली. तासाभराने दादा मोटरसायकलवरून आला, खांद्यावर गाडी ओढून न्यायची टोचनची दोरी.

"बांध," तो म्हणाला. "एखादा ट्रक ओढून नेईल."

"नाही दादा. पुढची चाकं जमिनीवर फिरली तर आतल्या मोटरी फिरतात. पुस्तकात लिहिलंय."

"आता दोरीपण चालत नाय?" दादा भडकला. पण त्याने दोरी गुंडाळली आणि बंदरातल्या एका ओळखीच्याला फोन करून गाडी वर चढवता येईल असा सपाट टेम्पो मागवला. परतताना दोघं टेम्पोत शेजारी बसले होते. टायर मागे गाडीत कोंबले होते, मोटरसायकल जेट्टीवरच ठेवली होती.

पनवेलहून तिला माल पुरवणाऱ्या हर्षदकडे कंपनीचं ते तेल होतं. त्याने दुसऱ्या दिवशीच्या एसटीने आठ लिटर पाठवलं. चार भरायचं, थोडं फिरवून काढायचं, मग पुन्हा चार भरायचं. एकदम सगळं जुनं निघत नाही. दादाने डबा उजेडात धरला, चष्मा लावला, त्यावरचं नाव एकेक अक्षर वाचलं. मग म्हणाला, "पुस्तकातलं वाच बघू." तिने वाचलं. "हां," म्हणून तो गाडीखाली शिरला. माफीचा विषय त्याने काढला नाही. तिनेही नाही.

गाडी सुरू झाली, म्हणजे आवाज काहीच झाला नाही, फक्त दिवा लागला. रुचिकाने ती वेळासच्या फाट्यापर्यंत नेली. काच खाली करून कान देऊन ऐकलं. कुठे घरघर नाही, धक्का नाही. त्याने जिवाला उलट आणखीच घोर लागला. काही बिघडलं नव्हतं, की बिघडून आत दडून बसलं होतं, हे कळायला मार्ग नव्हता.

तिसऱ्या दिवशी धर्माजी व्हॅन घेऊन आले. व्हॅन धुतलेली होती. त्यांनी आपली गाडी बाजारातून दोन फेऱ्या मारून पाहिली.

"पुढं काय झाला तर?"

"तर मला सांगा. मी नाकारणार नाही." तिने आपला नंबर लिहून दिला.

"बघू," म्हणून ते निघाले. निरोप असा काही झालाच नाही.

मग महिने गेले. फोनवर अनोळखी नंबर दिसला की रुचिका हातातलं काम टाकून उचलायची. एकदा अलिबागच्या बँकेचा होता, एकदा गॅस एजन्सीचा. पोयनाडला जाऊन स्वतःहून विचारावं, असं दहादा मनात आलं. विचारलं नाही. भीती वाटत होती.

दिवाळीनंतर एका दुपारी फोन वाजला. पलीकडे मनुबाई.

"रुचिका ना? अगो, जेजुरीला जाऊन आलो सगली. बालानं सगल्या गाडीत वकून ठेवलाय. चार येला धुतला, वास जात न्हाय. तुझ्याकं काय मिलतं काय त्याला?"

रुचिकाला क्षणभर बोलताच येईना. "मिळतं. पाठवते मी. पण काकी, गाडी? गाडी कशी आहे?"

"गाडीला काय धाड भरलीय?" मनुबाई म्हणाल्या. "वासाचा सांग आधी."