उरलेले तेल

पौषाचे ऊन संत्र्याच्या बागेवर उतरले होते, पण बाग हसत नव्हती. तहानेच्या ताणाने बहार धरायचा म्हणून झाडांचे पाणी तोडलेले. पाने मुडपलेली, मुळांशी माती भेगाळलेली. तृषार्त हिरव्याची एक मूक, म्लान सभा.

त्या सभेतून सुचेता आली. कडेवर दात येऊ घातलेली ओवी, हातात तेलाची वाटी. लेकीला उन्हात तेल लावायचे, हा बहाणा. खरे कारण बागेतल्या खोपीत राहत होते. तिचा नवरा, प्रफुल्ल.

ओवी पोटात होती, तेव्हाच त्याच्या आतड्यात गाठ निघाली. एका देहात अंकुर, एका देहात अंगार. शस्त्रक्रियेने गाठ नेली, जीव ठेवला; पण जाता जाता काही नसा तुटल्या, आणि शय्येवरचे त्याचे पुरुषपण मालवले. तेव्हापासून तो जागलीला म्हणून बागेतच निजे. झाडावर राखण्याजोगे एक फळ नसताना.

सुचेता शिकलेली. डॉक्टरांचे बोलणे तिला समजले होते. समजले नव्हते ते एवढेच, की एक वाट बुजली म्हणून सगळे गावच का उठून जावे? रात्री तिचा एक कान पाळण्यातल्या श्वासाशी, दुसरा घरच्या फाटकाच्या कडीशी. कडी वाजत नसे. झाडांना पाणी सोडायचा दिवस ठरलेला असतो. तिच्या तहानेला तिथी नव्हती.

"काहून आली वं एवढ्या दूर?" खोपीबाहेर येत त्याने विचारले.

"घरी ऊनच येत नाही."

घरचे अंगण उन्हाने भरून वाहत होते, हे दोघांनाही ठाऊक.

पाय लांबवून तिने ओवीला पायांवर घेतले. इवल्या पाठीवरून, इवल्या पोटऱ्यांवरून तळवा फिरला. स्निग्ध, सुवर्णवर्ण, सलय. लेक उन्हातच पेंगली. तिला गोधडीवर ठेवले, तरी तळव्यांवर तेल उरलेच.

"पाठ करा इकडं."

तो सरकला. "नको. तू हात लावला का मले भेव लागते. तुले काय देऊ मी?"

"मी काही मांगाले आली का? पोरगी तरी चूप लावू देते. तुमी तिच्याहून लहान झाले का?"

तो हसला. ते हसू अर्ध्यातच तुटले. त्याने सदरा काढला, पाठ फिरवली.

तळव्याला प्रथम भेटली ती हाडे. मग ओळखीचा तीळ. मग एक कंप, खोल, निःशब्द, रडण्याचा. तिच्याही देहात जुनी नदी उठली, काठ शोधू लागली, काठ नव्हता. तिने ओठ मिटले, नदीला आतल्या आत वाहू दिले, आणि हात थांबवला नाही.

तेव्हा त्याने मागे हात नेऊन तिचा तळवा धरला, पुढे आणला, बेंबीखालच्या लांब, जांभळ्या व्रणावर टेकवला. तिथे आजवर त्याने कुणाला पाहूही दिले नव्हते.

"इथं मले काहीच समजत नाही वं."

"मले समजते," ती म्हणाली.

पाऊस न आणणाऱ्या ढगाचीही सावली पडते. तापल्या रानावरून ती सरकते तसा तिचा हात त्या बधिर व्रणावरून सरकत राहिला. हळू, ओला, काही न उगवणारा, तरी हळू, तरी ओला.