बावीस किलो

गाउआ बेटावर पाहुणा उतरला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, इथं फिरायचं कशानं? एल्मिनाचं उत्तरही ठरलेलं. बेटावर एकच ट्रक आहे, तो चालू असला तर ट्रकनं. पेट्रोल आलं असलं तर होडीनं. नाहीतर देवानं पाय दिलेत. आणि बेट सोडायचं तर आठवड्यातून दोनदा येणारं नऊ जणांचं विमान. जहाजाचं नाव काढायचं नाही, ते आलं तर आलं.

तिच्या तीन खोपटांच्या अतिथीगृहात हेदर आणि ग्रॅहम हे न्यूझीलंडचं म्हातारं जोडपं पाच दिवस राहिलं. माणसं गुणी. पडेल ते खायची, चालून पाय सोलले तरी हसायची. शनिवारी सकाळी ती निघाली तेव्हा एल्मिनानं भली मोठी टोपली भरली. चार लांबलचक कोनफळं, वर नंगाई, म्हणजे बेटावरचे रानबदाम.

विमानतळाकडे जाताना ट्रकमध्ये पाहुणे पुढे, ड्रायव्हरशेजारी बसले. एल्मिना आणि तिची मुलगी रोवेना मागच्या उघड्या हौद्यात. बेटावर हे असंच चालतं.

"आई, किती भरलीस गं ती टोपली!"

"मग काय रिकाम्या हातानं धाडू? लोक तोंडात शेण घालतील."

रोवेना हसली. आज तिला सगळ्याचंच हसू येत होतं. सोमवारी सकाळी आठ वाजता सांतो बेटावरच्या नर्सिंग शाळेत तिची मुलाखत होती. गेल्या वर्षी जहाज आलंच नाही आणि मुलाखत हुकली. यंदा शाळेनं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, ही शेवटची संधी. म्हणून एल्मिनानं या खेपेला विमानाचं तिकीट काढलं होतं. पण इथं तिकिटापेक्षा वजनाचा काटा मोठा.

तो काटा हार्विनच्या ताब्यात. हार्विन म्हणजे एल्मिनाच्या भावाचा मुलगा, विमानतळाचा एजंट, हमाल आणि गवत कापणाराही तोच. विमान पुढे सांतोला जाणारी सहा माणसं घेऊनच उतरलं. रात्रीच्या पावसानं धावपट्टी मऊ झाली होती, त्यामुळे पायलटनं वजन आणखी कमी करायला सांगितलं. हार्विननं एकेकाला सामानासकट काट्यावर उभं केलं. रोवेना शेवटची.

"आत्या, अठरा किलो जास्त होतंय."

"बॅग ठेवते इथंच," रोवेना घाईनं म्हणाली.

"बॅग सहाची. बाकीच्या बारांचं काय, पाय काढून ठेवतेस?" तो म्हणाला, पण हसलं कुणीच नाही. मग त्यानं आवाज खाली आणला. "आत्या, त्या टोपलीचे एकटीचे बावीस आहेत. सांगू का त्यांना?"

दिलेलं परत मागायचं? पलीकडच्या गावात कुणीतरी दिलेलं डुक्कर परत मागितलं होतं, त्याच्या नातवंडांना अजून 'परतमागे' म्हणतात.  एल्मिनानं लेकीकडे पाहिलं. रोवेना काही मागत नव्हती, नुसती बघत होती.

"तू गप. मी सांगते," एल्मिना हार्विनला म्हणाली आणि पाहुण्यांकडे गेली.

तिला वीसेक इंग्रजी शब्द यायचे, तेही सगळे नाश्त्याचे, आंघोळीच्या पाण्याचे आणि विमानाच्या वारांचे. यातला एकही आता कामाचा नव्हता. ती तोंड उघडणार तोच हेदरनं तिला मिठी मारली. "किती दिलंत तुम्ही आम्हाला!" म्हणताना तिचे डोळे भरून आले. मग रोवेनाची बॅग काट्याशेजारी पडलेली तिला दिसली. "ही येत नाही आमच्याबरोबर?" तिनं रोवेनाकडे बोट दाखवत विचारलं.

"बुधवारी," एल्मिना म्हणाली आणि हसली.

टोपली हातानंच नेतो असं पाहुण्यांनी सांगितलं होतं, म्हणून बाकीचं सामान चढवून हार्विन पायलटच्या कागदांवर सह्या करत होता. हेदर आणि ग्रॅहम टोपली दोन बाजूंनी धरून विमानतळाच्या शेडमागे गेले. कोनफळं तापू नयेत म्हणून सावलीत नेत असतील, एल्मिनाला वाटलं.

"बघ, किती जपतात," ती लेकीला म्हणाली. 

विमान उडालं. रोवेना शेडमागे गेली. रडून घेऊ दे म्हणून एल्मिना थांबली. पण लेक लगेच परत आली, टोपली फरफटत. वर एक चिठ्ठी होती. रोवेनानं शाळेतल्या इंग्रजीवर ती वाचून सांगितली.

"माफ करा. आमच्या देशात बाहेरची फळं, कंद चालत नाहीत, विमानतळावर हे सगळं काढून घेतात आणि टाकून देतात. ते आम्हाला बघवलं नसतं. आणि तुमच्या तोंडावर नको म्हणायचा धीर झाला नाही. हेदर."

हार्विन वायरलेसकडे धावला आणि अर्ध्यातच थांबला. विमानाचा आवाजसुद्धा आता येत नव्हता.

रोवेनानं टोपली उचलून काट्यावर ठेवली. काटा हलून स्थिर झाला.

"बावीस," ती म्हणाली.

"रोवेना, अगं मला काय ठाऊक..."  लेकीनं टोपली खाली ठेवली आणि ट्रककडे चालू लागली.

"पुढे बसा की, जागा मोकळी आहे," ड्रायव्हर म्हणाला.

रोवेना पुढे बसली आणि तिनं दार ओढून घेतलं. एल्मिना टोपली घेऊन मागे चढली.