पाच वाजताची वाट

आत्याच्या खोलीत दोन पडदे होते. एक खिडकीचा, तो ती दुपारी तीनला ओढून घ्यायची. दुसरा कॉम्प्युटरचा, त्यावर तीन ते पाच तिचा ट्रक धावायचा. खेळातला ट्रक, पण आत्या तो खऱ्यासारखा चालवायची. वळणाआधी वेग कमी, पुलावर दिवे चालू, मागच्याला आधी वाट. सकाळभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची तिची नोकरी होती, त्यामुळे केसाएवढी चूकही तिला दिसायची आणि खपायची नाही. तीन वर्षं ती हा ट्रक जगाला थेट दाखवत होती. जगातले चौदा जण तो बघत होते.

चौदाच. पण त्या चौदांची नावं तिला पाठ होती. सगळ्यांत जुनं नाव ‘निवांतकासव’. पहिल्या दिवसापासूनचं. बाई की बुवा, कुणास ठाऊक. आत्या आपली ‘कासव आलं’, ‘कासव गेलं’ म्हणायची.

दोन महिन्यांपासून कासव येत नव्हतं. कुठे जात होतं, तेही आत्याला ठाऊक होतं. भिंतीपलीकडच्या खोलीत.

पलीकडच्या खोलीत तिची भाची राहायची. मोठ्या भावाची मुलगी, घरात सगळे तिला टिल्ली म्हणायचे. वय एकोणीस, तरी टिल्लीच. तिने तीन महिन्यांपूर्वी आपला खेळ दाखवायला सुरुवात केली. समुद्रातल्या एका ओसाड बेटावर वस्ती वसवायची, असा खेळ. टिल्ली घरं उलटी बांधायची, बोट जमिनीवर ठेवायची, मग स्वतःच खो खो हसायची. तिला बघायला अडीचशे लोक यायचे.

तिला हे सगळं शिकवलं कुणी? आत्याने.

“हे बघ,” शिकवताना आत्याने स्वयंपाकघरातून नरसाळं आणलं होतं. “सिनेमा म्हणजे काय? एकामागून एक पळणारी चित्रं. आपण सेकंदाला तीस चित्रं घराबाहेर पाठवतो. एकेका चित्राला म्हणायचं फ्रेम. आणि आपलं इंटरनेट म्हणजे हे नरसाळं. वरून भसाभसा ओतलंस तर काय होईल?”

“सांडेल.”

“सांडेल. कॉम्प्युटर ती सांडलेली चित्रं फेकून देतो. मग बघणाऱ्याला तू दिसतेस अशी.” आत्याने अर्धा डोळा मिटून, तोंड वाकडं करून पुतळ्यासारखी बसून दाखवलं. टिल्ली पोट धरून हसली. “म्हणून नरसाळ्याच्या तोंडाएवढंच ओतायचं. त्या आकड्याला म्हणतात बिटरेट. तो नेहमी आपल्या अपलोडच्या, म्हणजे बाहेर पाठवायच्या वेगाच्या, निम्म्यावर ठेवायचा. चित्र जरा मऊ दिसलं तरी चालेल, अडखळायला नको.”

घरात इंटरनेट एकच, तेही गोगलगायीचं. म्हणून वाटणी झाली. तीन ते पाच आत्या, पाचनंतर टिल्ली. दोघींनी एका वेळी ओतायचं नाही.

सगळं सुरळीत होतं. बिघडलं ते आत्याच्या पोटात. भिंत पातळ होती. पाच वाजले की पलीकडून टिल्लीचं हसणं ऐकू यायचं, आणि आत्या मोबाइलवर हळूच तिचा आकडा बघायची. एकशे नव्वद. दोनशे दहा. दोनशे साठ. प्रत्येक आकड्यागणिक तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. “गाडी नीट लावता येत नाही, बोट जमिनीवर ठेवते, आणि लोक टाळ्या पिटतायत,” ती उशीला सांगायची.

त्यात एक पत्र आलं. खेळ दाखवणाऱ्यांच्या एका मंडळाची मोठी वार्षिक स्पर्धा होती. तिचं समालोचन करायला त्यांना एक माणूस हवं होतं. आत्याने अर्ज केला, टिल्लीनेही केला. आत्याला उत्तर आलं: आपल्या प्रक्षेपणाचा तांत्रिक दर्जा उत्कृष्ट आहे, तथापि. त्या ‘तथापि’च्या पुढचं आत्याने वाचलंच नाही. टिल्ली मात्र शेवटच्या दोघांत पोचली. रविवारी पाच ते सहा तिने तासभर थेट दाखवायचं, मंडळ बघणार. अट एकच. तासाअखेर सांडलेल्या फ्रेम्स शंभरात एकाहून जास्त असल्या, तर बाद.

आणि नेमकं त्याच सुमारास टिल्लीचं चित्र अडखळायला लागलं.

रोज पाचला सुरू केलं की खालच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका पिवळा व्हायचा, मग लाल. सांडलेल्या फ्रेम्सचा आकडा चढायचा. सात टक्के, नऊ टक्के. टिल्लीने बिटरेट निम्म्याने उतरवला. वायफाय सोडून केबल लावली, घरातले सगळे मोबाइल बंद करवले. तिचे वडील वैतागले, “माझा फोन काय तुझी चित्रं खातो का गं?” काही उपयोग नाही. सकाळी तपासावं तर इंटरनेट ठणठणीत, पाच वाजले की पुन्हा घोडं अडलं.

“आत्या, बघ ना गं एकदा.”

“बघते, बघते.” आत्या म्हणायची आणि काही बघायची नाही. खरं सांगायचं तर तिला आत कुठेतरी गुदगुल्या होत होत्या.

शुक्रवारी पाच वाजून गेल्यावर ती आपल्या कॉम्प्युटरचा पडदा मालवायला गेली, तेव्हा कोपऱ्यात एक बारीकशी पट्टी सरकताना दिसली. चारशे बारापैकी सत्याण्णव. आत्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

दोन आठवड्यांपूर्वी तिची जागा भरली होती. तीन वर्षांच्या साठवलेल्या ट्रकफेऱ्या कॉम्प्युटरमध्ये मावेनात. म्हणून तिने इंटरनेटवर साठवायला जागा घेतली आणि सगळ्या जुन्या फेऱ्या तिकडे चढवायला लावल्या. कॉम्प्युटरने रोजची वेळ विचारली तेव्हा तिने दिली होती पाच. कारण पाचला आपलं संपतं, वाट मोकळी होते.

मोकळ्या वाटेवर टिल्लीही उभी असते, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

आत्या खुर्चीत बसून राहिली. पलीकडून टिल्लीचा आवाज येत होता, “थांबा हां मंडळी, परत अडकलंय, जाऊ नका!” आपले चारशे बारा ट्रक, जे कुणी धड पाहिलेही नव्हते, एकामागून एक त्या पोरीच्या दारातून चालले होते. थांबवायला एक बटण पुरेसं होतं. आत्याने बोट पुढे नेलं, आणि मागे घेतलं. आज राहू दे, ती मनाशी म्हणाली. आजचं काय, रविवार थोडाच आहे.

शनिवारी टिल्ली दारात येऊन उभी राहिली. डोळ्यांखाली काळं. “आत्या, उद्या आहे गं. मी सगळं करून बघितलं. तुला काय वाटतं, काय झालं असेल?”

आत्या काच पुसत होती. दुकानात नव्हती, तरी हातात काच होती, आपल्याच चष्म्याची.

“नेटच तसं आहे आपलं,” ती म्हणाली. “त्याला कोण काय करणार?”

टिल्लीने मान हलवली आणि गेली. तिने पुन्हा विचारलंही नाही, इतका तिचा विश्वास बसला. आत्याने काच पुन्हा पुसली.

रविवारी पाचला आत्या पलंगावर मोबाइल घेऊन बसली. टिल्लीने केस नीट बांधले होते. “नमस्कार, आज जरा शहाण्यासारखं बांधकाम करूया,” म्हणाली आणि लगेच पहिलं घर पाण्यात बांधलं. तिसऱ्या मिनिटाला अर्धा डोळा मिटून, तोंड वाकडं होऊन ती पुतळ्यासारखी थांबली. हुबेहूब आत्याने दाखवल्यासारखी.

आत्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला लिहू, फुटल्या. बघणाऱ्यांत कुरबुर सुरू झाली. ‘काही दिसत नाही.’ ‘पुन्हा तेच.’ दोनशे साठाचे दोनशे तीस झाले. आत्या आकडा उतरताना बघत राहिली.

मग कासवाने लिहिलं: ‘आत्याबाईंना विचार ना. याच घरातून, याच नेटवर त्यांचा ट्रक तीन वर्षांत एकदाही अडखळला नाही.’

टिल्लीचा आवाज तुटत तुटत आला. “विचारलं मी. आत्या म्हणाली, नेटच तसं आहे. आणि आत्या म्हणाली म्हणजे संपलं. तिला यातलं सगळं कळतं.”

खाली कुणीतरी लिहिलं: ‘मग नसेल कळत तिला.’

कासवाने लिहिलं: ‘हं.’

तो ‘हं’ आत्याच्या नाकाला मिरचीसारखा झोंबला. पोरीचा अडीचशेचा आकडा तिने एक वेळ गिळला असता. पण आपल्याला येत नाही? आपल्याला? ती उठली, चप्पल न घालता कॉम्प्युटरपाशी गेली आणि थांबवायचं बटण दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, हे काम पूर्ण झालेले नाही, नक्की थांबवायचे का? “नक्की,” आत्या मोठ्याने म्हणाली. घड्याळात पाच वाजून सहा मिनिटं झाली होती.

मोबाइलवरच्या टिल्लीचा मिटलेला डोळा उघडला.

मग आत्या टिल्लीच्या खोलीत गेली आणि कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी जमिनीवर बसली. ठिपका हिरवा होता, पण आकडा नऊवरच. टिल्लीने बोलता बोलता त्याकडे हताश होऊन पाहिलं. आत्याने पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर धरलं: ‘तो आकडा सुरुवातीपासूनचा मिळून असतो. आता सांडलं नाही तर आपोआप उतरेल. बोलत राहा.’

टिल्ली बोलत राहिली. बाराव्या मिनिटाला साडेचार झाले. अर्ध्या तासाला दोनच्या खाली. आत्या बसल्या जागी बोटांवर हिशेब मांडत होती. सहा मिनिटांत सांडलेलं साठ मिनिटांत मिसळलं तर किती उरतं? आणि सात मिनिटांत सांडलं असतं तर? तो दुसरा हिशेब तिने दोनदा मांडला. एका मिनिटाने पोरगी बाद झाली असती.

सहाला आकडा होता शून्य पूर्णांक नऊ.

टिल्लीने कॅमेरा बंद केला आणि आत्याच्या गळ्यात पडली. “काय केलंस गं तू?”

“माझे ट्रक तुझ्या वाटेत होते,” आत्या म्हणाली. “जुन्या फेऱ्या पाचला चढत होत्या. बंद केल्या.”

“अगं बाई! आणि आज दिसलं तुला?”

आत्याला ‘हो’ म्हणता आलं असतं. “शुक्रवारी,” ती म्हणाली.

टिल्ली गळ्यातून दूर झाली. “काल मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मग आजच का केलंस बंद?”

“त्या कासवाला वाटलं असतं, मला येत नाही.”

टिल्लीने कॅमेऱ्याची वायर गुंडाळायला घेतली. “म्हणजे माझ्यासाठी नाही केलंस.”

“शेवटी शेवटी केलं,” आत्या म्हणाली. “हिशेब मांडताना.”

“खडूस आहेस तू,” टिल्ली म्हणाली आणि तिला बाहेर काढून दार लावून घेतलं. जेवायला आली, पण आत्याकडे मीठसुद्धा मागितलं नाही. हात लांब करून स्वतःच घेतलं.

सोमवारी दुपारी मंडळाचा निरोप आला. टिल्लीची निवड झाली. तिच्या वडिलांनी घर डोक्यावर घेतलं. आत्याने “शाब्बास” म्हटलं, मनापासून म्हटलं, आणि म्हणताना पोटात तीच जुनी कळ आली. ती तिने कुणाला दाखवली नाही.

तीनला तिने पडदा ओढला. आधी जुन्या फेऱ्या चढवायची वेळ बदलून पहाटे पाच केली. मग ट्रक काढला. तेरा जण होते. थोड्या वेळाने चौदा.

‘काल सहाव्या मिनिटाला चित्र एकदम सुरळीत झालं,’ कासवाने लिहिलं. ‘तुमचा हात लागला ना?’

आत्याने ट्रक कडेला घेतला, दिवे लावले आणि उत्तर लिहिलं: ‘लागला. पण उशिरा.’

कासव दोन तास थांबलं. पाचला पाच मिनिटं कमी असताना म्हणालं, ‘निघतो आता, तिकडे सुरू होईल.’

म्हणजे बुवा आहे तर. आत्याने ‘जा’ असं लिहिलं. ते तिचं तिलाच तुटक वाटलं. खोडून तिने लिहिलं, ‘सावकाश जा.’ मग पाच वाजायच्या आत आपली सगळी यंत्रं बंद केली, आणि खात्री करायला आपल्या कॉम्प्युटरची केबलही काढून हातात धरून बसली.