समोरच्या खिडकीतला पत्रा

विरात्नोच्या घरातला एसी ऐन पाहुण्यांच्या दिवशी रुसला. त्याची बायको एन्दा हिचा भाऊ हार्योनो जाकार्ताहून बायकामुलांसह आला होता. "आत या, आमच्याकडे एसी आहे," असं विरात्नोने दारातच छाती फुगवून सांगितलं होतं. सुराबायातल्या त्या गल्लीत पहिला एसी त्याचाच.

आणि आता तो नुसता कोमट फुंकर घालत होता.

"दाजी, एसी आहे की भात निववायचा पंखा?" हार्योनो म्हणाला आणि सगळी पोरं खिदळली.

विरात्नोही हसला, पण कानशिलं तापली. त्याने रिमोटची बटणं दाबून पाहिली. जाळ्या काढून नळाखाली खसाखसा धुतल्या. वारा जोरात येऊ लागला, गारव्याचा मात्र पत्ता नाही. तेव्हा तो एसीचं बाहेरचं यंत्र बघायला घराशेजारच्या बोळात शिरला.

बोळ इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागे. यंत्राच्या तोंडासमोरच कुणीतरी पत्रा उभा केला होता. गरम हवा त्यावर आपटून पुन्हा यंत्रातच घुसत होती. विरात्नोने पत्र्याला हात लावला तर चटका बसला. त्याच्यादेखत यंत्र घरघरलं आणि बंद पडलं.

पत्रा लावला होता समोरच्या खिडकीला. खिडकी बू तुमिनीची, म्हणजे तुमिनीबाईंची. ही म्हातारी कोपऱ्यावर तळलेली केळी विकायची.

विरात्नोचं डोकं फिरलं. "बू! दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही का हो तुम्हाला? मुद्दाम लावलात ना हा पत्रा?" गल्लीतली दारं उघडली. बायका बाहेर येऊन बघू लागल्या.

बू तुमिनी कमरेला लुंगीसारख्या गुंडाळलेल्या साराँगला हात पुसत आली. "आत ये, विरा. ओरडू नको रे, त्यांचा आत्ताच डोळा लागलाय."

खोली भट्टीसारखी तापली होती. खिडकीखालीच खाट, खाटेवर तिचा नवरा पाक कासिरान, गल्लीचे कासिरानबाबा. अर्धं अंग गेलेलं. मानेवर, छातीवर घामोळ्यांची लाल चादर. विरात्नोच्या कानावर त्याचं आजारपण आलं होतं. बघायला जाणं राहूनच गेलं होतं.

"खाट दुसरीकडे मावत नाही," बू सांगू लागली. "म्हणून दुपारपुरता पत्रा लावते. त्याने तुझं यंत्र बिघडेल, हे मला कुठलं कळायला? चुकलं माझं."

मागे एन्दा म्हणाली होती, "अहो, बू म्हणत होत्या, आपला गरम वारा त्यांच्या घरात जातो." तेव्हा विरात्नोने पेपरातून मान वर न काढता सांगितलं होतं, "मग खिडकी लावून घ्या म्हणावं." आता त्याने पाहिलं. खिडकीला नुसते गज होते. लावायला दारं नव्हतीच.

बू पत्रा काढायला निघाली. 'राहू द्या,' एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. भिंतीपलीकडे पाहुणे वाट बघत होते. तो बाजूला सरला आणि म्हातारीला जायला वाट दिली.

जरा वेळाने यंत्र सुरू झालं. घर गार पडलं.

"वा दाजी! काय जादू केलीत?" हार्योनो पाय पसरून बसला.

"पत्रा आडवा आला होता."

"कुणाचा?" एन्दाने विचारलं.

 गार वाऱ्यात विरात्नोच्या पाठीला घाम फुटला होता. त्याने रिमोट उचलला आणि एसी बंद केला.

"परत बिघडला?"

"नाही. समोर माणूस आजारी आहे. आपला सगळा वारा त्याच्या अंगावर जातो." एवढं बोलायलाही त्याला दम लागला.

 एन्दाने उठून दार सताड उघडलं.

त्याच आठवड्यात माणसं बोलावून त्याने यंत्र छपरावर चढवलं. मग बूच्या स्वयंपाकघरात जाऊन, खाली मान घालून, माफी मागितली. "जाऊ दे रे," ती म्हणाली आणि त्याच्यासमोर कॉफी ठेवली. त्याने कप नुसता हातात धरून ठेवला. आरोप भर गल्लीत केला होता, आणि माफी अशी, चुलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी तो कोपऱ्यावरून जाताना केळी घ्यायला उभ्या असलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. आत्ता इथेच, मोठ्याने माफी मागावी, असं त्याच्या मनात आलं. तो थबकलाही. बूने त्याच्याकडे पाहून नेहमीसारखी ओळखीची मान हलवली. तो तसाच पुढे निघून गेला.