बुरुन्याचा बिनगोडाचा केक

गोजरबाईंच्या घरात सून आली ती कुत्र्यासकट आली. लोक रुखवतात कपाट देतात, मिक्सर देतात, हौशी असले तर सोफाही देतात. निकिताच्या रुखवतात लोंबत्या कानांचं एक तपकिरी कुत्रं आलं, असं वस्तीवरच्या बायका अजून सांगतात, आणि त्यात फारसं खोटं नाही. वरातीच्या गाडीत ते नवरा-नवरीच्या मधोमध बसलं होतं. गोजरबाईंनी उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळायला हात पुढं केला, तर जोडप्यावरून उतरायच्या आधीच तो तुकडा त्यानं मटकावला. इडापिडा त्यानं खाल्ली म्हणायची, दुसरं काय.

त्याचं नाव ब्रूनो. गोजरबाईंच्या जिभेवर ते काही बसेना, म्हणून त्यांनी त्याचं बुरुन्या करून टाकलं आणि त्यालाही ते लगेच पसंत पडलं. नगरातल्या फ्लॅटमध्ये वाढलेलं कुत्रं, पण पाथर्डीच्या या माळावर आठ दिवसांत असं रुळलं की सून मागं राहिली. मात्र गोजरबाईंनी पहिल्याच दिवशी कायदा सांगून टाकला होता. कुत्रं ते कुत्रं, त्यानं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही.

कायदा दिवाळीपर्यंत टिकला. दिवाळी झाली, निम्मी वस्ती कोयते बांधून ऊसतोडीला गेली, घरोघर कुलपं पडली आणि बिबट्याला रान मोकळं झालं. शेजारच्या चांगुणाबाईंचा कुत्रा, लाल्या, त्यानं भर अंगणातून उचलला. सकाळी नुसती साखळी पडलेली. त्याच संध्याकाळी गोजरबाईंनी बुरुन्याचं गोणपाट आणून आपल्या खाटेशेजारी टाकलं. कोंबड्या राखायला आत घेतलाय, असं त्यांनी सांगितलं. कोंबड्या बाहेर खुराड्यात आणि राखणदार आत पंख्याखाली, हे कसं काय, असं विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. मुलगा श्रीमंत टेम्पो घेऊन सदा बाहेरच असायचा. निकितानं ते बघितलं आणि हसू आवरत भांडी घासत राहिली.

तर अशात निकितानं जाहीर केलं की रविवारी ब्रूनोचा वाढदिवस आहे आणि त्याच्यासाठी केक करायचा.

गोजरबाईंचा असा काही पारा चढला की विचारू नका. त्यांचा स्वतःचा वाढदिवस कधी झाला नव्हता. त्या जन्मल्या तेव्हा ज्वारी हुरड्यात होती, एवढंच त्यांच्या आईनं सांगितलेलं. आणि इथं कुत्र्याला केक! त्या तडक बाहेर पडल्या आणि सून कशी वेडी आहे, हे गाऱ्हाणं दारोदार सांगत फिरल्या. पण प्रत्येक दारात गाऱ्हाण्याच्या शेवटी रविवारी चार वाजता, एवढं मात्र न विसरता सांगून आल्या. आमंत्रणाची ही तऱ्हा फक्त त्यांनाच जमावी.

अडचण अशी झाली की निकिता पाथर्डीत एका मेडिकलच्या दुकानात कामाला होती आणि रविवारी दुपारपर्यंत तिची ड्युटी निघाली. केक करणार कोण? मी करते, म्हणाल्या गोजरबाई. पुरणपोळ्या लाटणाऱ्या हाताला एक केक काय जड आहे? निकिताला जरा नवल वाटलं, जरा धास्तीही वाटली. तिनं सगळं समजावून सांगितलं. गव्हाचं पीठ, शिजवलेला लाल भोपळा, घट्ट दही, किसलेलं गाजर, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट. जुन्या कुकरची रिंग आणि शिट्टी काढायची, तळाला वाळू घालायची, मंद आचेवर भाजायचं. वरून फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का लावायचा. साखर नाही, गूळ नाही, मीठ नाही. फुगला नाही तरी हरकत नाही.

"गूळ न्हाई, मीठ न्हाई. त्येला काय सुतक हाय का?" गोजरबाईंनी विचारलं.

निकिता हसली, पण स्कूटीची किल्ली हातात घेऊन दारात थांबली. "आई, एवढं ऐका माझं. सांगितलंय त्याच्याशिवाय काही म्हणजे काहीच घालायचं नाही."

हे वाक्य गोजरबाईंना झोंबलं. उभ्या वस्तीच्या लग्नांचा स्वयंपाक ज्या बाईनं उरकला, तिला कालची पोर सांगणार! पण त्यांनी जबान दिली, आणि सून गेल्यावर खरोखर सांगितल्या बरहुकूम सगळं केलं. भोपळा शिजवला, कूट केला, पीठ कालवलं. बोट लावून चव बघितली आणि तोंड वाकडं केलं. बुरुन्या पायाशी बसून असा बघत होता, जणू पंचपक्वान्नं शिजताहेत. चांगुणाचा लाल्याही असाच बसायचा.

आता गोजरबाईंची एक रीत होती. दरसाल वस्तीतली माणसं उसाला निघाली की त्या प्रत्येकाच्या पिठाच्या गठुड्यात देवीचा प्रसाद चिमूटभर टाकायच्या. खोबरं, खडीसाखर, मनुके, जे पुडीत असेल ते. आजवर तो प्रसाद घेऊन जे माणूस गेलं ते शिमग्यापर्यंत धडधाकट माघारी आलं होतं, अशी त्यांची पक्की समजूत. माणसांचं राखलं, मग या मुक्या जिवाचं का नाही राखणार? आणि प्रसाद म्हणजे काही जिन्नस नव्हे. निकितानं जिन्नस घालू नका म्हटलं होतं, प्रसादाचं नाव काढलं नव्हतं. स्वतःशी असा वकिली मुद्दा मांडून त्यांनी देव्हाऱ्यातली पुडी काढली. तळाशी थोडं खोबरं आणि चार मनुके उरले होते. त्यांनी ते पिठात सोडले, डोळे मिटले आणि बिबट्याची नजर याच्यावर पडू देऊ नको, असं देवीला कळवळून सांगितलं.

केक छान खरपूस झाला. कडेचा एक तुकडा निघाला होता, तो त्यांनी फुंकर मारून बुरुन्याच्या तोंडात घातला. मग चक्का थापला, वर गाजराचा कीस भुरभुरला आणि ताट झाकून ठेवलं.

चार वाजता अंगण भरलं. भरलं म्हणजे उसाला न गेलेल्या म्हाताऱ्या, त्यांची नातवंडं आणि सगळ्यात पुढं चांगुणाबाई. निकितानं येताना टोपी आणली होती, ती बुरुन्याला घातली. त्याला कुंकवाचा टिळा लावला, निरांजन ओवाळलं. तो बापडा नवरदेवासारखा पाटावर बसून राहिला. केक बघून निकिताचा चेहरा असा काही फुलला की गोजरबाईंना मूठभर मांस चढलं. लग्नाला सहा महिने झाले, पण सुनेनं त्यांच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांनीही तशी संधी दिली नव्हती.

चांगुणाबाईंनी निकिताला विचारलं, अगं, सासू म्हणते गूळ नाही की मीठ नाही, एवढा अळणी का करायला लावलास? निकिता कौतुकानं सांगायला लागली. कुत्र्यांचं पोट आपल्यासारखं नसतं. चॉकलेट त्यांना विष, कांदा-लसूण वाईट, आणि सगळ्यात फसवे म्हणजे द्राक्षं आणि मनुके. एखाद्या कुत्र्याला काही होत नाही आणि एखाद्याचं दोन-चार मनुक्यांनी मूत्रपिंड बंद पडतं. कुणाचं काय होईल ते डॉक्टरलाही सांगता येत नाही.

गोजरबाईंनी मनातल्या मनात मोजलं. चार.

निकितानं सुरी उचलली होती. आता काय करावं? सांगावं, तर चांगुणासमोर सगळ्या वस्तीत शोभा, आणि सुनेच्या चेहऱ्यावरचं ते फुललेलं हसू आत्ताच मावळणार. फेकून द्यावा, तर प्रसाद. प्रसाद उकिरड्यावर टाकणारी बाई त्या घरात अजून जन्माला यायची होती. कुत्र्याला द्यावा, तर इख. राहता राहिलं एकच पोट.

गोजरबाईंनी पुढं होऊन ताट ओढलं, मांडीवर घेतलं आणि केक खायला सुरुवात केली.

निकिता सुरी हातात धरून बघत राहिली. आई, तो ब्रूनोचा आहे, असं ती चाचरत म्हणाली. असू दे, असं गोजरबाई भरल्या तोंडानं म्हणाल्या. पोरं खिदळायला लागली. चांगुणाबाई शेजारणीच्या कानात काहीतरी बोलल्या आणि दोघींनी पदर तोंडाला लावले. कुत्र्याच्या वाढदिवसाला नावं ठेवत फिरणारी बाई कुत्र्याचाच केक हाणतेय, यापरता मोठा तमाशा माळावर बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. बुरुन्याची टोपी एका कानावर आली होती आणि तो पाटावरून मान वाकडी करून बघत होता.

पण गोजरबाईंचं ध्यान कशातच नव्हतं. त्या नुसतं खात नव्हत्या, चाचपत होत्या. पहिला मनुका दाढेखाली आला. दुसरा आला. मग त्यांनी केक हातानं कुस्करायलाच घेतला. तिसरा सापडला, तो गिळला. चौथा काही मिळेना. सगळा भुगा उलटापालटा केला, चक्का चिवडला, ताटाची कड बघितली. नाही. आणि मग त्यांना कडेचा तो तुकडा आठवला, फुंकर मारून आपल्याच हातानं भरवलेला.

हात तसेच ताटात राहिले. गप्प राहिलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं. म्हातारीला चळ लागला म्हणून लोक हसले असते आणि उद्या विसरले असते. बुरुन्याला काही झालंच नसतं, तर प्रश्नच मिटला. आणि झालं असतं तर? त्यांनी त्याच्याकडं बघितलं. त्यानं शेपटी हलवली.

"निकिता," त्या म्हणाल्या, "म्या त्यात प्रसादाचं मनुकं घातलं हुतं. चार. तीन म्या खाल्लं. एक ह्याच्या पोटात गेलाय."

निकितानं सुरी खाली टाकली. तिनं फोन लावला. जनावरांचे डॉक्टर गोरक्ष पाथर्डीत राहायचे, नशिबानं घरीच होते. घरी मीठपाणी वगैरे काही पाजू नका, आहे तसा घेऊन या, एवढंच ते म्हणाले. निकितानं स्कूटी काढली. स्कूटीवर मरेपर्यंत बसणार नाही, अशी गोजरबाईंची आण होती. त्या बुरुन्याला पदरात गुंडाळून मागं बसल्यासुद्धा, चप्पल न घालता. मी बघते तंवर घर, असं चांगुणाबाई मागून ओरडल्या, आणि आता त्यांच्या तोंडाला पदर नव्हता.

रस्ताभर गोजरबाई देवीशी बोलत होत्या. एरवी त्या देवीकडं मागायच्या, आज भांडत होत्या. तुझाच प्रसाद नि तुझाच जीव, आता बघ बाई तुझं तू.

डॉक्टरांनी औषध देऊन उलटी करवली. गोजरबाईंनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं, लुगडं भरलं तरी सोडलं नाही. भोपळ्याचा पिवळा लगदा पडला आणि त्यात तो मनुका होता, फुगलेला, अख्खाच्या अख्खा. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणला, काळजीचं कारण दिसत नाही, तरी दोन दिवस लघवीकडं लक्ष ठेवा आणि आज रात्री खायला काही देऊ नका. हे ऐकून गोजरबाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि हमसून हमसून रडल्या.

घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. चांगुणाबाई ओट्यावर काठी घेऊन बसलेल्या. बुरुन्या स्वतःच्या पायांनी चालत आला तसं त्यांनी त्याला जवळ ओढलं आणि बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. लाल्याचं नाव कुणी काढलं नाही.

ताटात केकाचा भुगा तसाच होता. त्यात प्रसाद पडलेला, म्हणून टाकायचा नाही. गोजरबाईंनी निमूट चूल पेटवली, कांदा, मिरची, लसूण चिरला आणि उरल्या भाकरीला देतात तशी त्याला खमंग फोडणी दिली. वर ठसठशीत मीठ. एकटीच खाईन म्हणून त्या बसल्या, तर निकिता आपली ताटली घेऊन समोर येऊन बसली. तिच्यामागून चांगुणाबाईही बसल्या.

गोजरबाईंनी पहिला घास परत ताटलीत ठेवला. "माझ्या हातानं गेला असता गं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही बोललात म्हणून राहिला," निकिता म्हणाली. "गप्प बसला असतात, तर मला कळलंसुद्धा नसतं."

मग गोजरबाईंनी सुनेला सांगितलं की आता सगळं सांग, काय काय चालत नाही त्याला, मी पाठ करते. निकितानं सांगितलं आणि त्यांनी शाळेतल्या पोरीसारखं मागोमाग म्हटलं. मनुके, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण. बुरुन्या फोडणीच्या वासानं पुढं सरकला, तशी त्यांनी ताटली पलीकडं घेतली आणि हे माणसांचं आहे, असं त्याला समजावलं. सगळं दोनदा म्हणून झाल्यावर त्या जरा घुटमळल्या.

"आन् प्रसाद?"

चांगुणाबाई चावायच्या थांबल्या.

"खोबरं चालतं, आई," निकिता म्हणाली. "थोडंसं. पण आज नाही, उद्या सकाळी."

गोजरबाई उठल्या, देव्हाऱ्यापाशी गेल्या. पुडीच्या घडीत खोबऱ्याचा नखाएवढा तुकडा अडकून राहिला होता. तो आणून त्यांनी निकिताच्या तळहातावर ठेवला. तिनं तो दिव्याजवळ नेऊन उलटसुलट बघितला, हो म्हणाली आणि परत दिला. मग गोजरबाईंनी तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि सकाळ व्हायची वाट बघत बुरुन्याशेजारी बसून राहिल्या.